दुसरा बेस घेताना: आधी हातातला बेस नीट लावा

बेस गिटार बदलायचा विचार डोक्यात आला की आधी तारा बदला. हे चेष्टेत म्हटलेलं नाही. ‘हा बेस आता पुरत नाही’ या तक्रारीमागे बरेचदा दीड-दोन वर्षं जुन्या तारा आणि कधीच न झालेला सेटअप, म्हणजे वाद्याची जुळवाजुळव, असतो. सुरुवातीचा बेस आणि वरच्या दर्जाचा बेस यांत फरक असतोच, पण तो नेमका कुठे आहे हे हातातला बेस व्यवस्थित लागल्याशिवाय कळत नाही. ते न कळता दुकानात गेलं की माणूस रंग बघून बेस घेऊन येतो.

म्हणून क्रम असा: जुना बेस लावायचा, दोन आठवडे वाजवायचा, उरलेल्या तक्रारी कागदावर उतरवायच्या आणि मग त्या तक्रारी ज्या बेसवर नाहीत तो शोधायचा.

तारांपासून सुरुवात

चार तारांच्या बेसला ०.०४५ ते ०.१०५ इंच जाडीचा राउंडवाउंड (वर गोल तार गुंडाळलेला) संच सर्वसाधारण मानला जातो. जुन्या तारा ओळखायच्या तर वेटोळ्यांच्या खाचांत साचलेला काळा मळ बघा, आणि ट्यूनर जोडून बाराव्या फ्रेटवरचा (नेक म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवरचा) सूर बघा. मळ धरलेली तार सगळीकडे सारख्या वजनाची राहत नाही, त्यामुळे ती मोकळी सुरात असली तरी वर सरकताच बेसूर होते.

चारही तारा एकदम काढू नका. त्या मिळून नेकला सुमारे ८० किलोच्या जोराने ओढत असतात. सगळा ताण एकाच वेळी गेला तर नेक मागे झुकतो आणि पुन्हा स्थिरावायला वेळ घेतो. एक काढा, तिच्या जागी एक चढवा. नवी तार खुंटीच्या पुढे १० ते १२ सेंटिमीटर राहील एवढी ठेवून कापा, पण कापण्याआधी तिथे ती काटकोनात मोडून घ्या. न मोडता कापलेल्या काही तारांची वरची गुंडाळी आतल्या तारेवरून सैल होते आणि ती तार कायमची मुकी होते. टोक खुंटीच्या मधल्या भोकात घालून दोन-तीन वेढे वरून खाली एकाखाली एक बसवा.

सेटअप, याच क्रमाने

आधी ट्यूनिंग, मग नेकचा बाक, मग तारांची उंची, मग इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर खरा लागणं), शेवटी पिकअपची (तारेचा कंप टिपणाऱ्या चुंबकांची) उंची. बाक बदलला की उंची बदलते आणि उंची बदलली की इंटोनेशन हलतं, म्हणून उलटीकडून सुरुवात केली तर तेच काम दोनदा करावं लागतं.

नेकला थोडासा पुढचा बाक हवा असतो, त्याला रिलीफ म्हणतात. ई तार (सगळ्यात जाड) पहिल्या फ्रेटवर कॅपोने, म्हणजे तारा दाबून धरणाऱ्या चिमट्याने, दाबा, दुसऱ्या हाताने नेक जिथे बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर दाबा, आणि आठव्या फ्रेटचा माथा आणि तार यांच्यातली फट बघा. साधारण ०.३ मिलिमीटर हवी, म्हणजे एक व्हिजिटिंग कार्ड तार न उचलता अलगद सरकेल एवढी. कार्ड ढिलं पडत असेल तर बाक जास्त आहे, आत शिरतच नसेल तर नेक सपाट किंवा मागे झुकलेला आहे. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतला धातूचा दांडा, घट्ट केला की बाक कमी होतो, सैल केला की वाढतो. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवायचं नाही. फिरवा, पुन्हा सुरात लावा, पाच-दहा मिनिटं थांबा, पुन्हा मोजा.

ट्रस रॉडचं नुकसान दोनच गोष्टींनी होतं. एक, चुकीच्या मापाची अॅलन की. ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिलिमीटर, आणि तिथे ४.५ मिलिमीटरची की घातली की ती आत गरागरा फिरून कडा खाते. दोन, दांडगाई. नेहमीच्या जोराने फिरत नसेल तर हात काढा आणि तंत्रज्ञाकडे न्या.

आता तारांची उंची. सतराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या बाजूपर्यंत मोजा: ई तारेला २.४ मिलिमीटर आणि जी तारेला (सगळ्यात बारीक) २ मिलिमीटर हे चांगलं सुरुवातीचं माप. उजवा हात जड असेल तर थोडं जास्त ठेवा, नाहीतर तार फ्रेटवर खडखडेल. अॅक्शन (तारांची उंची) जितकी खाली तितका बेस भारी, हा एक गैरसमज पसरलेला आहे. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य रेकॉर्डिंगमागे असलेला जेम्स जॅमरसन यांचा बेस म्हणजे १९६२ चा फेंडर प्रिसिजन, त्यावर जाड फ्लॅटवाउंड (वर सपाट पट्टी गुंडाळलेल्या) तारा आणि बऱ्यापैकी उंच अॅक्शन. आणि उजव्या हाताचं वाजवणं मुख्यतः एकट्या तर्जनीचं!

इंटोनेशन बघायला प्रत्येक तारेचा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून वाजवलेला सूर) आणि त्याच फ्रेटवर दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला सूर वर जात असेल तर सॅडल (बॉडीकडच्या टोकाला तार टेकते तो सरकता तुकडा) नेकपासून लांब सरकवा, खाली येत असेल तर नेककडे आणा. प्रत्येक बदलानंतर तार पुन्हा सुरात लावायला विसरू नका, अर्धा घोळ तिथेच होतो. शेवटी तार शेवटच्या फ्रेटवर दाबून ती आणि पिकअप यांच्यात २.५ ते ३ मिलिमीटर अंतर ठेवा. पिकअप फार जवळ आणला तर चुंबक तारेला ओढतो आणि लांब धरलेला सूर हलल्यासारखा, थोडा बेसूर वाटतो.

हे सगळं स्वतः करायचं नसेल तर एकदा तंत्रज्ञाकडून करून घ्या, पण तो काम करत असताना शेजारी उभे राहा.

उरलेल्या तक्रारी

दोन आठवड्यांनी कागद घ्या. ‘आवाज चांगला नाही’ असं लिहू नका, त्यावर काहीच विकत घेता येत नाही. ‘सातव्या फ्रेटच्या वर जी तारेवर खडखड’, ‘अर्ध्या तासात ई तार उतरते’, ‘व्हॉल्यूम फिरवला की खरखर’, ‘नेक खाली झुकतो, डावं मनगट दुखतं’, असं लिहा.

आता प्रत्येक ओळ दोनपैकी एका रकान्यात जाईल. पहिल्या रकान्यात सहज दुरुस्त होणाऱ्या गोष्टी. व्हॉल्यूमची खरखर पॉट (नॉबखालचा फिरणारा भाग) साफ केल्याने किंवा बदलल्याने जाते. सैल जॅक (केबल खोचतात ती जागा) घट्ट करता येतो. पण घट्ट करताना आतला जॅक नटबरोबर फिरू देऊ नका, आतली वायर तुटते. तार उतरण्याचं खापर नेहमी खुंट्यांवर फुटतं, पण नवीन तार पुरेशी ताणून बसवलेली नसणं किंवा नेकच्या नटच्या (खुंट्यांजवळ तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीच्या) खाचेत ती अडकणं ही जास्त नेहमीची कारणं. सूर लावताना ‘टिक’ असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल तर दोष नटचा. नटच्या खाचा नीट कापून घेतल्या तर पहिल्या दोन-तीन फ्रेटवर बेस एकदम हलका वाटतो. सुरुवातीच्या बेसवर कारखान्यात सगळ्यात कमी वेळ जिथे जातो ती ही जागा, आणि म्हणूनच सगळ्यात मोठा फरकही इथेच मिळतो.

दुसऱ्या रकान्यात नेकचे दोष. फ्रेट एका पातळीत आहेत का हे बघायला प्लास्टिकच्या कार्डाची सरळ कड एका वेळी तीन फ्रेटवर उभी ठेवा. खालच्या फ्रेटना लांब कड, बाराव्याच्या पुढे आखूड कड. कार्ड सी-सॉसारखं डुलत असेल तर मधला फ्रेट उंच आहे. एखादा फ्रेट वर आला असेल तर दुरुस्ती सोपी आहे. पण आठ-दहा ठिकाणी कार्ड डुलत असेल, किंवा नेक पिळलेला असेल, म्हणजे हेडस्टॉककडून (खुंट्या असतात त्या टोकाकडून) पाहिल्यावर एका कडेचा बाक दुसऱ्या कडेहून वेगळा दिसत असेल, तर त्या बेसवर नवीन पिकअप बसवणं म्हणजे गळक्या छताखाली भिंत रंगवणं.

नेक चांगला असेल तर मात्र जुन्याच बेसवर चांगले पिकअप आणि नीट शिल्डिंग (बाहेरची विजेची गुणगुण अडवणारं अस्तर) करून घेण्यात अर्थ आहे. महागडा जड ब्रिज (सॅडल ज्यावर बसतात तो भाग) बसवणं ही सुधारणांमधली सगळ्यात लोकप्रिय आणि, आमच्या मते, सगळ्यात कमी उपयोगाची. सॅडल हलत नसतील, स्क्रू झिजले असतील तर बदला. आवाजासाठी नको. आणि काढलेले मूळ भाग डब्यात जपून ठेवा, कारण विकताना नव्या भागांची किंमत वसूल होत नाही. मूळ भाग परत बसवून विका आणि नवे भाग आपल्याकडे ठेवा.

कोणत्या जातीचा बेस

बाजारात शेकडो मॉडेल असली तरी बहुतेक तीन घराण्यांत बसतात.

फेंडरचा प्रिसिजन १९५१ मध्ये आला. त्याचा दोन तुकड्यांचा पिकअप १९५७ पासूनचा, आणि तो रचनेमुळेच हम (विजेची गुणगुण) घालवतो. एक आवाज, पण बँडमध्ये आपोआप जागा शोधणारा. जॅझ बेस १९६० चा: दोन सिंगल कॉइल (एकेका वेटोळ्याचे) पिकअप आणि अरुंद नेक. नटपाशी जॅझ साधारण ३८ मिलिमीटर, तर प्रिसिजन ४१ पासून पुढे. कागदावर तीन-चार मिलिमीटर, हातात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. जॅझचे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असले की हम जातो, एक खाली आणला की परत येतो. हा दोष समजून वाद्य परत करणारे कमी नाहीत! तिसरं घराणं म्युझिक मॅनच्या १९७६ च्या स्टिंगरेचं: ब्रिजजवळ एकच मोठा हमबकर (हम घालवणारा दोन वेटोळ्यांचा पिकअप) आणि आत बॅटरीवर चालणारा, संकेत वाढवणारा प्रीअॅम्प. अंगठ्याने ठोकून, खेचून वाजवणाऱ्यांना तो आवडतो.

अॅक्टिव्ह, म्हणजे असा बॅटरीवाला प्रीअॅम्प असलेल्या, बेसबद्दल दोन गोष्टी. केबल जॅकमध्ये असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते, बेस वाजत असो वा नसो. वाजवून झालं की केबल काढा. आणि ९ व्होल्टची एक बॅटरी कायम केसमध्ये ठेवा, कारण बॅटरी उतरली की आवाज आधी फाटतो आणि मग जातो. पॅसिव्हवर (बॅटरीविना) आणणारा स्विच असेल तर घेतानाच तो चालतो का ते बघा. अॅक्टिव्ह म्हणजे वरचा दर्जा असं काही नसतं. त्यात बेसवरच ध्वनी घडवायची सोय असते, इतकंच.

पाच तारा हव्यात का? बी तारेचा मोकळा सूर ३०.८७ हर्ट्झ, ई तारेचा ४१.२. इतक्या खालच्या सुराला ३४ इंची स्केलवर (नटपासून सॅडलपर्यंत तारेची लांबी) ताण कमी पडू शकतो, म्हणून काही पाच तारी बेस ३५ इंचाचे असतात. कस बघायची सोपी युक्ती: ई तार मोकळी वाजवा, मग तोच सूर बी तारेच्या पाचव्या फ्रेटवर वाजवा. दुसरा सूर पहिल्यापेक्षा थोडा जाड वाटेल, पण चिखलात पडल्यासारखा वाटला तर तो बेस खाली ठेवा. तुमच्या गाण्यांत ई च्या खालचा सूर क्वचितच येत असेल तर चार तारांवरच राहा. हात छोटा असेल तर ३० इंची शॉर्ट स्केलकडे कमीपणाने बघू नका, मात्र तारा त्याच लांबीच्या घ्याव्या लागतात.

बेस हातात घेताना

बरोबर न्यायच्या वस्तू: स्वतःची केबल, ट्यूनर, पट्टा, कॅपो, व्हिजिटिंग कार्ड, प्लास्टिकचं कार्ड, स्टीलची मिलिमीटर पट्टी. जमलं तर जुना बेससुद्धा. नवीन बेस जुन्याशेजारी वाजवला की भूल पडत नाही.

पहिली दहा मिनिटं अॅम्प बंद. न जोडलेला बेस खरं बोलतो. खालपासून वरपर्यंत चारही तारांवरचा प्रत्येक सूर वाजवा आणि मरेपर्यंत ऐका. कंटाळवाणं आहे, पण डेड स्पॉट शोधायचा दुसरा मार्ग नाही. डेड स्पॉट म्हणजे जिथे सूर शेजारच्यांपेक्षा लवकर विझतो ती जागा. नेकचा स्वतःचा कंप त्या सुराशी जुळतो आणि तारेची शक्ती खाऊन टाकतो. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास हा बोल्ट-ऑन (नेक स्क्रूने जोडलेल्या) बेसवर हमखास भेटतो, महागड्यांवरसुद्धा. थोडा असेल तर चालवून घ्या. ठळक असेल तर त्याच मॉडेलचा दुसरा नग मागा, कारण हे प्रत्येक लाकडागणिक बदलतं. सेटअपने तो जात नाही.

मग पट्टा लावून उभे राहा आणि डावा हात सोडा. हेडस्टॉक जमिनीकडे जात असेल तर पुढची कित्येक वर्षं तुमचं मनगटच त्याला तोलून धरणार आहे. पट्ट्याची वरची खुंटी बाराव्या फ्रेटपर्यंत आलेली असेल तर असं सहसा होत नाही. वजनही करा: ४ किलोच्या आसपास आरामाचं, साडेचारच्या वर दोन तास उभं राहून वाजवताना खांदा हिशेब मागतो. डाव्या हाताची बोटं नेकच्या दोन्ही कडांवरून फिरवा. फ्रेटची टोकं टोचत असतील तर लाकूड सुकून आक्रसलं आहे. चांगल्या तंत्रज्ञाकडे ती घासून होतात, पण किंमत ठरवताना बोलायला विसरू नका.

आता अॅम्प जोडा, सगळे टोन नॉब मधोमध ठेवा, इफेक्ट बंद. पिकअप एकेक ऐका, प्रत्येक नॉब पूर्ण फिरवा, केबल जॅकपाशी हलवून बघा. चारही तारा सारख्या जोराने ऐकू येतात का? एक तार दबलेली असेल तर बहुधा पिकअपच्या उंचीचा प्रश्न, म्हणजे किरकोळ. ऐकताना एक ध्यानात असू द्या: आठ इंची स्पीकरचा छोटा अॅम्प ४१ हर्ट्झचा मूळ सूर फारसा देत नाही, तुम्ही मुख्यतः त्याचे वरचे अंश ऐकता. घरी असा अॅम्प असेल तर बेस बदलून जेवढा फरक पडेल असं वाटतं तेवढा पडणार नाही. चांगल्या हेडफोनवर एकदा ऐकून बघा. कदाचित आधी अॅम्पच बदलायचा असेल.

जुना बेस घेत असाल तर

वापरलेला चांगला बेस हा नव्या मध्यम बेसपेक्षा बहुतेक वेळा उजवा सौदा असतो. फक्त तपासणी कडक हवी. मालकाची परवानगी घेऊन ट्रस रॉड फिरतो का बघा, दोन्ही दिशांना जरासा. आधीच शेवटपर्यंत घट्ट केलेला आणि तरी नेक पुढे वाकलेला असेल तर पाठ फिरवा. नेक-बॉडीच्या सांध्याजवळ भेगा शोधा. रंगातली केसासारखी रेघ बहुधा नुसत्या रंगाचीच असते, लाकडातून जाणारी नव्हे. नेकच्या शेवटच्या चार-पाच फ्रेटपाशी फ्रेटबोर्ड स्की-जंपसारखा वर उचललेला असेल तर वरचे सूर खडखडतील आणि ट्रस रॉड तिथे काही करू शकत नाही. सॅडल इतकी खाली आणलेली असतील की आणखी उतरवायला जागाच नाही आणि तरी तारा उंच, तर नेकचा कोन चुकला आहे. बोल्ट-ऑन नेकला पातळ शिम (पाचर) घालून हे सुधारता येतं. नेक चिकटवलेला असेल तर ते महागात जातं.

फ्रेटवर तारांखाली खोल चर पडलेले असतील तर पातळीत आणणं किंवा फ्रेट बदलणं याचा खर्च किमतीतून वजा करा. बॅटरीचा कप्पा उघडून हिरवट गंज बघा. अनुक्रमांकावर एकट्याने विसंबू नका, तो खोटा छापता येतो. आतली जोडणी, स्क्रू, हेडस्टॉकवरची अक्षरं त्या सालाशी जुळतात का ते ताडून बघा. दुरून मागवायचा असेल तर चार फोटो मागा: नटकडून नेकच्या लांबीने, नेकच्या सांध्याचा, सॅडलची उंची दिसेल असा बाजूने, आणि मागचं झाकण उघडून आतल्या वायरिंगचा. शेवटचा फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका.

पैसे आणि पहिले काही महिने

ठरवलेल्या रकमेतला सगळा पैसा बेसवर घालू नका. साधारण पाचवा हिस्सा बाजूला ठेवा: सेटअप, आपल्या आवडीचा तारांचा संच, रुंद पट्टा आणि पॅड असलेली केस. नवीन बेस कारखान्यातून येतो तेव्हा तो कुणाच्याच हाताला लागलेला नसतो, वरच्या दर्जाचासुद्धा.

घरी आल्यावर बेस केसमध्येच काही तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या. सेटअप त्याच दिवशी करू नका. आठवडाभर नेहमीच्या सुरात लावून ठेवा, नेक बसू द्या, मग मोजा. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असेल तर लाकूड शांत राहतं. हवा कोरडी झाली की नेकचा बाक सहसा कमी होतो, दमट झाली की वाढतो. म्हणून ऋतू बदलला की व्हिजिटिंग कार्ड पुन्हा आठव्या फ्रेटखाली. तारांची जाडी बदललीत, किंवा राउंडवाउंडवरून फ्लॅटवाउंडवर गेलात, तर ताण बदलतो. तेव्हा पूर्ण सेटअप पहिल्यापासून.

जुना बेस विकायची घाई नको. निदान तीन महिने दोन्ही ठेवा. नव्यात काही त्रास निघालाच तर तो साधारण याच काळात निघतो, आणि तंत्रज्ञाकडे नवा बेस अडकून पडला असताना हातात वाद्य असतं. जुना बाजूला ठेवताना तारा पूर्ण सैल करू नका. एखादा सूर उतरवलात तरी पुरे, नाहीतर महिन्यांनी काढाल तेव्हा ट्रस रॉडने मागे ओढलेला नेक आणि प्रत्येक फ्रेटवर खडखडणाऱ्या तारा मिळतील.